दोन शहरांतलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणाऱ्या वेबसाइटी: नागपूरकराच्या कामाच्या किती?

पहिलेच सांगून टाकते, या वेबसाइटी वाईट नाहीत. दोन शहरांची नावं टाकायची, बटण दाबायचं, की खाली लगेच येते, हवाई अंतर एवढे किलोमीटर, एवढे मैल, विमानाला वेळ एवढा, आणि नकाशावर एक लाल रेघ. फुकट आहे, लॉगिन मागत नाही, ओटीपी मागत नाही, साध्या मोबाइलवर पण पटकन उघडते. आमच्या घरातली आणि बिल्डिंगमधल्या चार-पाच घरांतली तिकिटं काढायचं काम माझ्याकडेच असते, कोणाला पुण्याला पोराकडे जायचं असते, कोणाला मुंबईला डॉक्टरकडे, कोणाला बंगलोरला इंटरव्ह्यूला, त्यामुळे अशा साइट माझ्या मोबाइलवर कायम उघड्याच असतात. दोन-तीन वेगवेगळ्या वापरून पाहिल्या, नावं घेत नाही कारण आतून सगळ्या जवळपास सारख्याच आहेत, एकीच्या जाहिराती जास्त, दुसरीच्या कमी एवढाच काय तो फरक. पाचापैकी साडेतीन स्टार. दीड कुठं कापला ते नीट सांगते कारण ज्याला तो दीड स्टार कळला नाही त्याची गाडी, विमान, अपॉइंटमेंट सगळंच चुकू शकते.

आधी चांगलं. अंतराच्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क. सोनेगावच्या आपल्या एअरपोर्टपासून मुंबई साधारण ६८३ किलोमीटर, पुणे ६०५, हैदराबाद ४३०, दिल्ली ८५०, बंगलोर ८८५, चेन्नई ९०५, कोलकाता ९८५. हे सगळं हवाई अंतर, म्हणजे दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वी गोल आहे हे धरून त्यांच्यातला सगळ्यात जवळचा रस्ता मोजायचा. यात कोणाची मेहेरबानी नाही, नुसतं गणित आहे, त्यामुळे कोणत्याही साइटवर टाका, दहा-वीस किलोमीटरच्या फरकाने तेच उत्तर येते. तो फरक पण का येतो ते सांगते, काही साइट शहराच्या मधोमध टाचणी टोचतात, काही एअरपोर्टवर. हैदराबादचं एअरपोर्ट शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला पार बाहेर आहे, मग दहा-वीस किलोमीटर इकडचे तिकडे होणारच. शहराच्या नावाऐवजी एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड टाकला तर ही भानगडच राहात नाही, आपला एनएजी, मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू.

वरचे आकडे पुन्हा एकदा वाचा ना, मला तर दरवेळी मजा वाटते. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, चारही महानगरं आपल्यापासून हजार किलोमीटरच्या आत. हे कोणाला फार आधी कळलं होतं माहीत आहे का, टपाल खात्याला. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, त्यात चारही शहरांतून टपाल घेऊन डाकोटा विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र यायची, इथं आपसात पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. तेव्हाच्या त्या पंख्याच्या विमानाला दिल्लीहून इथं यायला तीन तासांच्या वर लागत असणार. आज जे आपण एका बटणावर पाहतो ते हिशेब तेव्हा कोणीतरी कागद-पट्टी घेऊन केले आणि त्यातून सोनेगावला रात्री दिवे लागले. आपल्या शहराचं हे मला फार मोठं वाटते, आणि आपल्या इथल्या पोरांना हे माहीत पण नाही.

आता दुसरी गोष्ट, हवाई अंतर आणि रस्त्याचं अंतर यात लोकं फार गोंधळतात आणि साइटवाले तो गोंधळ काढायला काहीच करत नाहीत. झिरो माइलचा खांब आठवा, विधानभवनाजवळचा, चार घोडेवाला. त्याच्यावर बाजूच्या गावांची अंतरं मैलात कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८ मैल लिहिलं आहे. ३१८ मैल म्हणजे ५१२ किलोमीटरच्या आसपास, आणि साइटवर येते ४३०. मग खांब खोटा की साइट खोटी? दोन्ही खरे. खांबावरचं अंतर माणसानं, बैलगाडीनं, घोड्यानं कापायचं अंतर आहे, साइटवरचं पक्ष्याचं. खांब पाहणाऱ्याला जे पाहिजे होतं तेच खांबावर लिहिलं. साइटवर मात्र ठळक अक्षरात नुसतं 'अंतर' असं लिहून ठेवलं आहे, आणि 'हवाई' हा शब्द खाली बारीक अक्षरात, तिथं कोण पाहते. ज्याला कारनं हैदराबादला जायचं आहे तो ४३० वाचून पेट्रोलचा हिशेब करतो. एक अंदाज मी सगळ्यांना सांगते, हवाई अंतरात पाव हिस्सा मिळवा, रस्त्याच्या बऱ्यापैकी जवळ याल. ट्रेनला मात्र हा नियम लावू नका, रूळ कुठून कुठं गेला आहे त्यावर सगळं असते.

पुण्याचंच घ्या. हवाई अंतर ६०५. आणि अजनी-पुणे वंदे भारत, जी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, ती धावते ८८१ किलोमीटर. जवळपास दीडपट! काहून? तर पुणे आपल्या नैर्ऋत्येला आहे पण गाडी सरळ तिकडे जाऊच शकत नाही. वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, जळगाव करत आधी पार मनमाडपर्यंत पश्चिमेला जाते, मग तिथून दक्षिणेला वळून कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड. मुंबईला ट्रेननं ८३७ किलोमीटर पडतात आणि पुण्याला ८८१, म्हणजे विमानाला जवळ असलेलं पुणे ट्रेनला मुंबईपेक्षा लांब पडते. साइटवर नकाशात जी सुंदर लाल रेघ दिसते ना नागपूर ते पुणे, तिच्या खाली अर्ध्या रस्त्यात तुम्हाला रूळच सापडणार नाही. माझ्या मते अशी साइट बनवणाऱ्यानं हवाई अंतराच्या बाजूला रेल्वेचं अंतर दिलं पाहिजे, भारतात तरी दिलंच पाहिजे, कारण इथं अजूनही बहुतेक माणसं तेच पाहायला येतात.

आता येते मुख्य दुखणं, वेळ.

साइटवर नागपूर-मुंबई टाकलं की येते १ तास २१ मिनिटं. पुण्याला १ तास १५. दिल्लीला १ तास ३४. एवढं मिनिटापर्यंत नेमकं पाहून माणसाला वाटते यांच्याकडे कुठून तरी खरी माहिती येऊन राहिली आहे, विमान कंपनीशी, टॉवरशी काहीतरी कनेक्शन असेल. काही नाही. या बहुतेक साइटचा फॉर्म्युला एका ओळीचा आहे, अंतराला ताशी ८०० किलोमीटरनं भागायचं आणि वर अर्धा तास मिळवायचा, चढण्या-उतरण्याचा. ६८३ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ३०, झाले १ तास २१. तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहा, तंतोतंत तेच येईल. म्हणजे खरं तर हा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणून वाईट नाही, पण त्याला मिनिटांचे कपडे घालून उभं केलं आहे. 'साधारण दीड तास' असं लिहिलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं.

विमान कंपनीच्या तिकिटावर जो वेळ असतो तो वेगळा असतो आणि जवळपास नेहमी जास्त असतो. मुंबईला दीड तास ते एक चाळीस, दिल्लीला पावणेदोन ते दोन. कारण तिकिटावरचा वेळ हा विमान इकडे जागेवरून हललं तिथपासून तिकडे जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, उतरताना घिरट्या घालणं आलं. आपल्याकडे ठीक आहे, नागपूरला रांग फारशी नसते. पण मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत त्या एकमेकींना कापतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि तेवढ्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. तुम्ही खिडकीतून समुद्र पाहता, खाडी पाहता, पुन्हा तीच खाडी पाहता, आणि पायलट सांगतो की अजून पंधरा मिनिटं. हे त्या १ तास २१ मध्ये कुठंच नाही. पुण्याचं एअरपोर्ट हवाई दलाचं, तिथंही नागरी विमानांना त्यांच्या वेळा सांभाळून यावं लागते.

वाऱ्याचं पण तसंच आहे. साइट नागपूर-मुंबई आणि मुंबई-नागपूर दोन्हीला एकच वेळ दाखवते. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यामुळे मुंबईहून येताना विमानाला मागून ढकल मिळते आणि जाताना समोरून अडवते. येतानाचं विमान वेळेच्या आधी उतरलं, असं हिवाळ्यात तुम्ही पण अनुभवलं असेल. पावसाळ्यात वरचा वारा बदलतो. आता हे सगळं साइटवाल्यानं मोजावं अशी माझी अपेक्षा नाही, एवढं ज्ञान फुकटात कोण देते, पण 'जाताना-येताना फरक पडू शकतो' एवढी एक ओळ?

तुम्ही म्हणाल दहा-वीस मिनिटांसाठी एवढं काय लिहून राहिली ही बाई. तर का ते सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, सत्तरी पार, त्यांची मुंबईला परळच्या एका हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट होती, सकाळी दहाची, जी फार मुश्किलीनं मिळाली होती. तिकीट भाच्यानं काढलं, हुशार पोरगा आहे, इंजिनिअर आहे. त्यानं साइटवर १ तास २१ पाहिलं, सकाळी सातचं विमान घेतलं आणि मला म्हणाला, "ताई, सव्वाआठ-साडेआठला तर खाली उतरलो, दहाला आरामात पोचतो." झालं काय, विमान वेळेवर निघालं पण मुंबईवर घिरट्या, जमिनीला टेकायला पावणेनऊ वाजले. काकू व्हीलचेअरवर, आणि व्हीलचेअरच्या प्रवाशाला सगळे उतरल्यावर शेवटी उतरवतात, सगळीकडे हीच पद्धत आहे आणि बरोबरच आहे, घाईत म्हाताऱ्या माणसाला धक्का लागायला नको. मग पट्ट्यावर बॅग यायची वाट, कारण रिपोर्टची मोठी एक्स-रेची पाकिटं त्यांनी बॅगेत टाकून चेक-इन केली होती. बाहेर आले तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते, आणि साडेनऊला मुंबईत एअरपोर्टहून परळला गाडीनं निघणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. पोचले पावणेअकराला. नंबर गेला. काउंटरवरच्या मुलीनं शेवटी बसवलं, डॉक्टरांनी चार वाजता पाहिलं, तोपर्यंत काकू नुसत्या बिस्किटावर, त्यांना शुगर आहे. संध्याकाळचं परतीचं विमान गेलं, नवीन तिकीट काढावं लागलं, रात्री कोणाकडे तरी राहावं लागलं. भाच्याला अजून वाईट वाटते. मला त्याचा राग नाही आला, मला त्या मिनिटांच्या आकड्याचा राग आला. त्या पोराला कोणी सांगितलं असतं की हा फक्त हवेतला वेळ आहे तर त्यानं आदल्या दिवशीचं विमान घेतलं असतं ना.

तेव्हापासून मी ज्याला-त्याला घरापासून दारापर्यंतचा हिशेब करायला लावते. मुंबईचाच करू. घर समजा मानेवाड्याला किंवा जरीपटक्याला. एअरपोर्टला अर्धा-पाऊण तास धरा. मेट्रोनं जायचं असेल तर कामठी रोडवाल्यांना ऑरेंज लाइन सरळ पडते, बाकीच्यांना सीताबर्डीला बदलावं लागते, पण एअरपोर्ट स्टेशनवर उतरलं म्हणजे टर्मिनलच्या दारात उतरलं असं नाही, पुढचा तुकडा फीडर नाही तर ऑटो, हातात सामान असेल तर हे आधी ध्यानात घ्या. दीड-दोन तास आधी पोचायचं, बॅग टाकायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, तिथं कोणी ऐकत नाही. मग विमानाचे ते दीड तास. मग उतरणं, बॅग, बाहेर येणं, पाऊण तास. मग मुंबईतला प्रवास एक ते दीड तास. बेरीज करा, सव्वापाच ते साडेसहा तास होतात. म्हणजे साइटच्या आकड्याच्या चौपट!

आणि आता याच्यासमोर बाकीचे पर्याय ठेवा, कारण खरा निर्णय तिथं असतो. रात्रीची दुरांतो घेतली तर अकरा-बारा तासांच्या आसपास, पण ते तास झोपेत जातात आणि सकाळी सीएसएमटीला उतरता, परळ तिथून लोकलनं जवळ. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, इकडे शिवमडक्याहून चढायचं आणि तिकडे ठाणे जिल्ह्यात आमनेला उतरायचं, सरकार आठ तास सांगते, कारला १२० ची मर्यादा आहे, पण त्यात जेवण, चहा, टायर थंड करायला थांबणं धरा, आणि आमनेच्या पुढची मुंबई बाकीच असते हे विसरू नका. त्या रस्त्यावर सलग तासन्‌तास एकाच वेगानं चालवताना डुलकी लागते, उन्हाळ्यात टायर तापतात, म्हणून एकट्या ड्रायव्हरनं रात्री जाऊ नका हे मी हात जोडून सांगते. पुण्याला वंदे भारतनं पूर्ण बारा तास, दिवसभर बसून. विमानाचे पुण्याचे दारापासून दारापर्यंत पाच-साडेपाच तास होतात, तिथं विमान सरळ जिंकते, कारण ट्रेनला तो मनमाडचा वळसा आहे. मुंबईला मात्र, विशेषतः सकाळचं काम असेल आणि दक्षिण मुंबईत असेल, तर मी अजूनही रात्रीच्या गाडीच्या बाजूनं आहे. काकूंना दुसऱ्या वेळी आम्ही दुरांतोनंच पाठवलं, खालचा बर्थ घेऊन, आणि नऊला त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या.

साइटवर याच्यातलं काहीच नसते. मला कळते, त्यांचं काम दोन बिंदूंमधलं अंतर सांगणं आहे. पण मग 'प्रवासाचा वेळ' असं का लिहितात? 'हवेतला वेळ' लिहा ना.

अजून एक तक्रार, नावांची. बिलासपूर टाकलं तर एका साइटनं हिमाचलचं बिलासपूर धरलं आणि अकराशेच्या वर किलोमीटर दाखवले. आपल्या नागपूरच्या माणसाला बिलासपूर म्हणजे छत्तीसगडचं, जिथं २०२२ पासून इथून वंदे भारत जाते, हवाई अंतर ३४० च्या आसपास. अमरावती टाकलं तर आंध्रातली अमरावती. आपली पाहिजे म्हणून पुन्हा 'महाराष्ट्र' लिहून शोधलं, तर आली बरोबर, १४० किलोमीटर, आणि खाली लिहून आलं, विमानाचा वेळ ४१ मिनिटं. अहो पण नागपूर-अमरावती विमान आहे कुठं! बेलोऱ्याचं एअरपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं खरं, पण ते मुंबईसाठी. इथून अमरावतीला माणूस एसटीनं जातो, ट्रेननं जातो, स्वतःच्या गाडीनं अडीच-तीन तासांत जातो. साइटला काय, १४० भागिले ८००, अधिक ३०, दे उत्तर. दोन शहरांमध्ये थेट विमान आहे की नाही हे न पाहता विमानाचा वेळ सांगणं ही मला सगळ्यात मोठी त्रुटी वाटते, आणि छोट्या गावच्या माणसाला याचाच जास्त त्रास होतो. मोठ्या शहरांत विमानं असतातच, तिथं आकडा थोडाफार तरी खरा ठरतो. गडचिरोली, यवतमाळ टाकणाऱ्याला मात्र असा वेळ दिसतो ज्याला काही अर्थच नाही. तो बिचारा मग तिकिटाच्या ॲपवर जाऊन शोधत बसतो, त्याला वाटते आपल्यालाच सापडून नाही राहिलं.

मुंबईच्या बाबतीत पण आता नवीन गोष्ट लक्षात ठेवा. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचं एअरपोर्ट चालू झालं आहे. नागपूरहून हवाई अंतरात ते पंधराएक किलोमीटरनं जवळ पडते, विमानाच्या वेळेत काहीच फरक नाही, पण तुम्हाला जायचं आहे बोरिवलीला आणि तिकीट निघालं नवी मुंबईचं तर जमिनीवरचा वेळ पार बदलून जाईल. पनवेल, वाशी, नेरुळला जाणाऱ्याची मात्र चांदी आहे. साइटवर 'मुंबई' टाकल्यावर कोणतं एअरपोर्ट धरलं ते लिहिलेलं नसते, तिकिटावर मात्र असते, तिथं पाहा.

परदेशाचं बोलायचं तर आपल्याकडून शारजा आणि दोहा, ही दोन नागपूरकरांना चांगली माहीत. इथं या साइटचा खरंच उपयोग होतो आणि हे मी मनापासून सांगते. शारजाचं तिकीट समजा पहाटे ४ ला सुटून ६:१० ला पोचणारं आहे. आमच्या एका ओळखीच्या बाईंना वाटलं दोनच तासांचं विमान आहे, मग कशाला जेवण, कशाला पायमोजे. तर तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे असतात, दोहाची अडीच तास. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या छापतात. साइटवर टाकलं की येते साधारण २४५० किलोमीटर आणि साडेतीन तासांच्या वर, लगेच डोक्यात प्रकाश पडतो. लांबच्या प्रवासाला तो अर्धा तास अधिक-उणा फारसा बोचत नाही, त्यामुळे फॉर्म्युला जास्त खरा ठरतो. मुलगी पहिल्यांदा परदेशात जाऊन राहिली असेल आणि आईला कळत नसेल की पोरगी हवेत किती वेळ असणार, फोन कधी लागणार, तर अशी साइट उघडून द्या. त्या माऊलीला त्या आकड्याचा फार आधार वाटतो, मी पाहिलं आहे, मोबाइल हातात धरून त्या लाल रेघेवर बोट फिरवत बसतात.

एक छोटं अजून, मैल. काही साइट किलोमीटरसोबत दोन प्रकारचे मैल देतात, साधा आणि सागरी. विमानवाले सागरी मैलात बोलतात, तो १.८५२ किलोमीटरचा असतो, साधा मैल १.६०९ चा. मुंबई साध्या मैलात ४२४ आणि सागरीत ३६९. पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टला हे द्यायचं असेल तर कोणता मैल ते लिहायला सांगा, नाही तर बाई लाल शाई मारतील.

तर कोणी वापरावी? परदेशी जाणाऱ्यांच्या घरच्यांनी, शाळेच्या पोरांनी, आणि ज्याला नुसता अंदाज पाहिजे की आपलं नागपूर कुठून किती लांब, त्यानं बिनधास्त वापरावी. ज्याला तारीख-वेळ गाठायची आहे, परीक्षा, इंटरव्ह्यू, कोर्टाची तारीख, डॉक्टर, कोणाचं अंत्यदर्शन, त्यानं साइट बंद करून तिकिटावरचा वेळ घ्यावा आणि त्याला दोन्हीकडचे चार-पाच तास जोडावेत, आणि सकाळी दहाच्या आधीचं काम असेल तर आदल्या रात्रीच पोचावं.

मी एका साइटच्या फीडबॅकमध्ये हे सगळं मराठीतच लिहून पाठवलं आहे, बिलासपूरचं, अमरावतीचं आणि 'हवेतला वेळ' हे शब्द ठळक करायचं. थेट विमान नसेल तिथं 'या दोन शहरांत थेट विमान नाही' एवढं जरी लाल अक्षरात लिहायला लागले तर त्याच दिवशी चार स्टार करून टाकीन.